मेलेल्यांनी हात वर करायचा नाही

माझ्या गळ्यात काळं कार्ड अडकवलं तेव्हा आमचे हे इतके हसले की त्यांच्या हातावरचं खोटं रक्त ओघळून बाहीला लागलं.

"तासभर गप्प पडून राहायचंय तुला," ते म्हणाले. "जमेल का? नाहीतर आत्ताच ड्रिलच्या बाईंना सांगतो, हिला किंचाळायचं काम द्या म्हणून. शिकवायलाही लागणार नाही."

"बाही बघा आधी," मी म्हणाले. "तो डाग निघाला नाही तर तुम्हालाच घासायला बसवीन."

बस डेपोच्या समोर आमचं लाँड्रीचं दुकान आहे. धुणं आणि गिऱ्हाईकांशी भांडणं माझ्याकडे, इस्त्री आणि घड्या ह्यांच्याकडे. ह्यांच्यासारखी घडी आख्ख्या शहरात कुणाला जमत नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललेली नाही, पण खरं आहे. तर त्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं डेपोत गेलो होतो, मॉक ड्रिलला. लेकीच्या हौसेखातर, दुसरं काय!

आमच्या शहरात आधी सगळाच सावळागोंधळ होता. आग लागली की अग्निशमनवाले त्यांच्या पद्धतीने येणार, पोलीस त्यांच्या, दवाखान्याची गाडी तिसऱ्याच गल्लीत. बाजारातल्या आगीत तर दोन बंब समोरासमोर अडकून एकमेकांना भोंगे मारत बसले होते, आणि मागे गोदाम जळत होतं. मग वरच्यांनी ठरवलं, आता सगळ्यांची पद्धत एक. नंबर एक, नियंत्रण कक्ष एक, विचारायचे प्रश्न तेच आणि जखमींच्या गळ्यात घालायची कार्डंही तीच. लाल म्हणजे आधी उचला, पिवळं म्हणजे जरा थांबलं तरी चालेल, हिरवं म्हणजे चालता येतंय, बाजूला बसवा. काळं म्हणजे मेलेला. त्याच्याकडे बघत वेळ घालवायचा नाही, पुढच्याकडे जायचं.

लेक त्या नियंत्रण कक्षात लागली. फोन घेणारी. महिनाभर घरात आम्हाला दुसरं काही ऐकायलाच मिळालं नाही. जेवायला बसलं की हिचे प्रश्न सुरू. पत्ता सांगा. काय झालंय? माणूस शुद्धीवर आहे का? श्वास घेतोय का? क्रम बदलायचा नाही, मधलं काही गाळायचं नाही, समोरचा रडो नाहीतर शिव्या घालो. हे मुद्दाम घोगरा आवाज काढून तिला खोटे फोन करायचे, "अहो, माझ्या म्हशीला ताप आलाय," आणि तीही न हसता विचारायची, "पत्ता सांगा."

"आणि मी फोन केला तर?" मी एकदा विचारलं.

"तरी पत्ताच आधी."

"स्वतःच्या आईला?"

"आईला तर आधीच. नाहीतर तू पत्ता सोडून सगळं सांगशील."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, ही नोकरी पोरीला दगड करणार. हे म्हणाले, "अगं, दगडच पाहिजे तिथे. तुझ्यासारखी बसवली तर फोन करणाऱ्याच्या आधी तीच रडेल." त्या सकाळी ड्यूटीवर जाताना ती चपला घालता घालता म्हणाली, "आज डेपोतून येणाऱ्या फोनांना वेगळा नियम आहे, संध्याकाळी सांगते. नीट करा हं दोघं. बाबा, जास्त नाटक नको." आणि गेली.

नाटक नको म्हणून ह्यांना सांगणं म्हणजे! साधं बोट कापलं तरी हे असे विव्हळणार की शेजारचा औषधवाला पट्टी घेऊन धावत यायचा. पोत्यातले कपडे मोजायचे असले की ह्यांची कंबर धरायची, पाहुणे गेले की सुटायची. त्यामुळे ड्रिलमध्ये आपल्याला लाल कार्ड मिळणार, ह्याची त्यांना खात्री होती. रात्री आरशासमोर कण्हून बघितलं होतं. पण मिळालं हिरवं. "हात मोडलाय, बाकी ठीक." लाल कार्ड औषधवाल्याला गेलं आणि आमचे हे तोंड एवढंसं करून बसले.

ड्रिल घेणाऱ्या प्रशिक्षक बाई बारीक, उंच, गळ्यात शिट्टी. ह्यांनी लगेच नाव ठेवलं, शिट्टीबाई. त्यांनी आम्हाला सगळ्यांना उभं करून समजावलं. डेपोत स्फोट झालाय, छताचा भाग कोसळलाय असं समजायचं. अग्निशमनच्या जवानांची परीक्षा आहे, तेव्हा ओरडा, रडा, त्यांचे पाय धरा, खरंच मरतोय म्हणा. त्यांनी गडबडून जायचं नाही, कार्ड बघून काम करायचं. आणि कुणाला खरोखर काही त्रास झाला तर दोन्ही हात वर करा, मी तीनदा शिट्टी वाजवून सगळं थांबवीन.

"मेलेल्यांनीसुद्धा?" मी विचारलं.

"मेलेल्यांनी हात वर करायचा नाही, काकू. मेलेले हलले तर सगळा घोळ होईल." सगळे हसले. मीही हसले.

फोन एका खोक्यात जमा करून घेतले, कुणी चित्रण करू नये म्हणून. मग धुराचे डबे पेटले, भोंगा सुरू झाला आणि मी तिकीट खिडकीपाशी फरशीवर पालथी पडले, गाल एका बाजूला करून.

एक सांगते, खोटं असलं तरी भीती खरीच वाटते. तो धूर घशात जात होता. चहूकडून माणसं ओरडत होती, वाचवा वाचवा. आणि तिथेच घोळ झाला. अडकलेला माणूस वाचवा म्हणताना काय करतो? हात वर करतो! जिकडे बघावं तिकडे हातच हात. औषधवाला तर दोन्ही हात नाचवत, "माझा पाय! माझा पाय!" करत होता. जवान येत होते, कार्ड बघत होते, उचलत होते. माझ्याजवळ दोनदा बूट येऊन थांबले. कार्ड उलटून बघितलं, पुढे गेले. जिवंतपणी आपल्याला कुणी असं ओलांडून जाणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मी पडले होते तिथून हिरव्यांचा बाक दिसत होता. भोवती प्लास्टिकची पट्टी बांधून बाजूला काढलेला. हे टोकाला बसले होते. मी बघतेय, आता करतील नाटक, आता करतील. ह्यांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. मग रुमाल काढला, मांडीवर पसरला आणि त्याची घडी घातली. अर्धी. मग पाव. मग त्याचीही अर्धी. तळव्याने दाबून दाबून कडा जुळवल्या. पुन्हा उलगडला, पुन्हा घडी.

मी फरशीवरून मान उचलली.

ह्यांचे थोरले भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा हे दुकानात बसून घड्या घालत होते. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरी उलगडून परत घड्या. तोंडातून शब्द नाही. मुतखड्याने जीव जायची वेळ आली तेव्हाही तेच, बिछान्यावर बसून टॉवेलची घडी. खोटं दुखतं तेव्हा हा माणूस गाव गोळा करतो. खरं दुखलं की मुका होतो आणि घड्या घालतो. हे मला ठाऊक आहे, लेकीला ठाऊक आहे. त्या डेपोत आणखी कुणाला कसं ठाऊक असणार?

मी उठले. गुडघ्याला काय लागलं कुणास ठाऊक, पण उठून धावले. "अहो! काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कपाळ घामाने निथळत होतं आणि ओठ राखेसारखे झाले होते. "बाहीचा डाग..." एवढंच म्हणाले.

एका तरुण जवानाने मला दंडाला धरलं. "काकू, तुम्ही मेलेल्या आहात. जागेवर जाऊन झोपा."

"मेले मी! ह्यांना बघा! ह्यांना खरंच होतंय!"

"हो, हो. हिरवं कार्ड आहे त्यांचं. बसू द्या त्यांना." किती शांत बोलत होता! त्याला शिकवलंच तसं होतं. पलीकडे एक साहेब हातातल्या कागदावर काहीतरी लिहीत होते आणि माझ्याकडे बघून मान डोलावत होते, म्हणजे काय छान आक्रोश करतेय बाई. मी दोन्ही हात वर केले. माझ्या आजूबाजूला आधीच इतके हात वर होते. शिट्टीबाई धुराच्या पलीकडे, पार दुसऱ्या टोकाला. मी हाका मारल्या, त्या भोंग्यात कुणाला ऐकू जाणार? शिव्या घातल्या. आयुष्यात कधी दिल्या नाहीत अशा दिल्या. "वा, काकू," बाकावरचा एकजण म्हणाला.

मला कळून चुकलं की मी घसा फोडून मेले तरी इथे कुणी ऐकणार नाही. ही माणसं वाईट नव्हती हो. कुणी दुष्ट असता तर मी त्याला बघून घेतलं असतं. ही सगळी आपापलं काम अगदी मन लावून करत होती, आणि माझा नवरा बाकावर बसून मरत होता.

मग डोक्यात आलं, हे माणसाकडे बघत नाहीत ना, कार्डाकडे बघतात ना? औषधवाल्याला नुकतंच स्ट्रेचरवर घेत होते. मी त्याच्या अंगावर झेप घेतली आणि लाल कार्ड हिसकलं, दोरीसकट. त्याचा कान ओढला गेला, तो खराखुरा ओरडला. मी धावत येऊन ह्यांच्या गळ्यातलं हिरवं काढलं आणि लाल घातलं.

आणि बघा! एका मिनिटात चार जवान आले. लाल, उचला. मान सांभाळा. एक दोन तीन. किती हळुवार उचललं त्यांना! रुमाल ह्यांच्या मुठीत तसाच होता. लाल पट्टीची गाडी निघाली आणि मी भिंतीला टेकले. म्हटलं, सुटले. आता दवाखाना, डॉक्टर. आता कुणीतरी मनगट धरेल.

डेपोचा कँटीनवाला पट्टीच्या पलीकडून सगळं बघत होता. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "काकूंनी बाकी मजा आणली."

"कुठल्या दवाखान्यात नेतात ह्यांना?" मी विचारलं.

"दवाखान्यात कशाला? खऱ्या ॲम्ब्युलन्स शहरात लागतात ना. ह्या डेपोच्याच बस आहेत, लाल पट्टी चिकटवलेल्या. मागच्या शेडपर्यंत जातात, उतरवतात, परत येतात."

ग्लास माझ्या हातून पडला.

"फोन द्या," मी म्हणाले. त्याने काय बघितलं माझ्या चेहऱ्यावर, देव जाणे. लगेच खिशातून काढून फोन दिला. मी पट्टीखालून वाकून धावत सुटले. गॅरेजच्या बाजूने, तेलाच्या डब्यांवरून, चप्पल कुठे राहिली ठाऊक नाही. मागच्या शेडमध्ये पोचलेली माणसं उठून आळोखेपिळोखे देत होती, पाणी पीत होती, एकमेकांच्या जखमा बघून हसत होती. स्ट्रेचर रांगेने मोकळी पडली होती, एक सोडून. त्यावर हे होते. डोळे अर्धे उघडे. कार्डाचा खालचा तुकडा फाडून नेलेला, म्हणजे रुग्ण पोचला.

नंबर दोनदा चुकला.

"आपत्कालीन कक्ष. पत्ता सांगा."

माझीच लेक. मला रडूच फुटलं. "अगं पोरी, तुझे बाबा..."

पलीकडे काही नाही. एक श्वास गेला असेल तेवढा वेळ. मग, "पत्ता सांगा."

"अगं मी आई बोलतेय! बाबा..."

"कळलं. पत्ता सांगा, बाई."

बाई! माझ्या पोटची पोर मला बाई म्हणाली. त्या परिस्थितीतसुद्धा मला असा संताप आला की रडणं जागच्या जागी थांबलं. "डेपो! डेपोची मागची शेड! गॅरेजच्या पाठीमागे!"

"मागचं फाटक उघडं आहे का?"

"आहे."

"माणूस शुद्धीवर आहे का? खांदा हलवून हाक मारा."

मी हाक मारली. ते बघत होते कुठेतरी माझ्या पलीकडे. "नाही गं."

"श्वास घेतोय का? छातीकडे बघा."

मी बघितलं. एक उचकीसारखं काहीतरी आलं, मग काही नाही. "नाही... मला कळत नाही... घशात घरघर होतेय फक्त."

"फोन स्पीकरवर टाका. जमिनीवर ठेवा. त्यांना कडक जमिनीवर घ्या."

मी एकटी कशी घेणार? मी वर बघितलं. लोक गोळा झाले होते आणि बघत होते. काहींच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. पण फोनमधून तो आवाज आला, "आसपास जे कुणी असतील त्यांनी हात लावा. हे ड्रिल नाही." तो आवाज इतका थंड होता की त्यांचं हसू विरलं. दोघांनी पुढे होऊन ह्यांना खाली घेतलं.

"तळहात छातीच्या मधोमध. दुसरा हात वर. कोपर ताठ. जोरात दाबा, माझ्याबरोबर मोजा. एक. दोन. तीन. चार."

मी दाबलं. ज्या छातीवर बटण लावताना मी कधी जोरात ओढलं नाही, तिच्यावर मी सगळं अंग टाकलं. आत काहीतरी कडकन मोडलं आणि मी हात काढला.

"मोडलं काहीतरी! मी मोडलं त्यांचं!"

"थांबू नका. मोडू दे. एक. दोन. तीन. चार."

किती वेळ गेला मला विचारू नका. घाम डोळ्यांत जात होता, काळं कार्ड माझ्या गळ्यातून लोंबत ह्यांच्या तोंडावर आपटत होतं. लेकीचा आवाज एका सुरात मोजत होता. एकदा कापला नाही, एकदा घाई केली नाही. मी मनात म्हणत होते, दगड झाली पोर, बाप मरतोय आणि ही पाढे म्हणतेय. पण माझे हात तिच्या मोजण्यावरच चालले होते. ती थांबली असती तर मी कोसळले असते.

मग शिट्टी झाली. तीनदा. भोंगा बंद झाला. सगळा डेपो असा चिडीचूप झाला की मला त्या आरडाओरड्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. शिट्टीबाई धावत येत होत्या आणि त्यांच्यापुढे तोच तरुण जवान. मला मेलेली म्हणणारा. त्याने मला बाजूला केलं, स्वतः दाबायला लागला, ओक्साबोक्शी रडत. दुसऱ्याने शॉक द्यायची पेटी उघडली. पेटी बोलते, सगळे दूर व्हा. सगळे दूर झाले.

खरी ॲम्ब्युलन्स मागच्या फाटकातून आत आली.

हे वाचले. दोन बरगड्या मोडल्यात, त्या माझ्या नावावर. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर नाकात नळी असताना ह्यांचं पहिलं वाक्य, "लाल कार्ड मिळालं म्हणे मला." मी रडत रडत त्यांना नाही नाही ते बोलले.

पण मला सांगायचंय ते आदल्या संध्याकाळचं. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. लेकीची ड्यूटी संपेपर्यंत तिला खुर्ची सोडता येत नव्हती, तोही नियम. ती आली ती गणवेशातच. मी ठरवलं होतं, तोंड फिरवायचं. बाई म्हणतेस मला? ती माझ्यासमोर उभी राहिली. तिथेच फरशीवर बसून माझ्या मांडीत डोकं खुपसलं. तिचे हात बर्फासारखे होते, आणि अंग असं थरथरत होतं की बाक हलत होता.

"आई, मी एक प्रश्न गाळला," ती म्हणाली.

"कुठला गं?"

"सकाळी म्हटलं होतं ना, आज वेगळा नियम आहे. डेपोतून फोन आला की पत्ता कळल्याबरोबर फोन ड्रिलच्या टेबलाला जोडायचा. तिथे सगळं लिहून घेतात, आणि धन्यवाद म्हणून ठेवून देतात. गाडी पाठवत नाहीत." तिने डोकं वर केलं नाही. "खरं आहे का, हे विचारायची परवानगी आहे. पण तुम्हाला सगळ्यांना तर खरंच आहे म्हणायलाच शिकवलं होतं. मी विचारलंच नाही. जोडलाही नाही. सरळ गाडी सोडली आणि शेजारच्या मुलीला खूण केली, ड्रिलच्या बाईंना फोन लाव म्हणून. उद्या माझी चौकशी आहे."

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"का नाही विचारलंस?"

"तू बाबा म्हणालीस आणि पुढे तुला बोलता येईना. तुला बोलता येईना, आई! तुझं नाटक मी ओळखत नाही का?"

चौकशीत तिला ताकीद मिळाली. शिट्टीबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. बसल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या की आता ड्रिलमध्ये प्रत्येकाच्या खिशात केशरी रुमाल असेल. तो दाखवला की कार्ड कुठलंही असो, सगळं थांबेल, मेलेल्यांनी दाखवला तरी. मी बरं म्हटलं. चांगल्या आहेत त्या, माझा त्यांच्यावर राग नाही.

पण जाताना मी त्यांना विचारलं, त्या कक्षात अशा किती खुर्च्या आहेत. त्या म्हणाल्या, बऱ्याच आहेत, जी मोकळी असेल तिथे फोन लागतो.

तेव्हापासून दुकानात मशीन चालू असताना मध्येच माझे हात थांबतात. ह्यांच्याकडे बघते. हे मजेत इस्त्री करत असतात, उगाच छाती धरून कण्हून दाखवतात, मला चिडवायला. मी त्यांना चिडवू देते, ओरडते, हवं ते करते. फक्त ते गप्प बसून घडी घालायला लागले की मला धीर धरवत नाही. मी लांबूनच ओरडते, "अहो, बोला काहीतरी!" आणि ते काहीतरी बोलेपर्यंत माझ्या कानात शेजारच्या खुर्चीवरची मुलगी माझा फोन ड्रिलच्या टेबलाला जोडत असते, आणि तिथलं कुणीतरी बोलत असतं. गोड आवाजात, अगदी नियमाप्रमाणे. धन्यवाद, नोंद घेतली आहे.